अर्ध्या सेकंदाचा धीर

बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर चाचणीचा शेवटचा तक्ता उघडलेला होता आणि त्यातली प्रत्येक चौकट हिरवी होती. तो तक्ता जिने केला होता ती टेबलाच्या टोकाशी उभी राहून एकेक ओळ समजावत होती. कंपनीत तिला सगळे मोजपट्टी म्हणत. नाव थट्टेने पडले होते, पण ती ते पदवीसारखे मिरवी. सॉफ्टवेअर नेमून दिलेले काम करते की नाही, हे तपासणारे पुष्कळ असतात. ते काम किती वेगाने होते, किती भरवशाने होते, वापरणाऱ्याला किती सोयीचे पडते, हे आकड्यात बांधून तपासणे हा तिचा प्रांत होता. मागण्यांच्या मसुद्यात कुणी ‘लवकर’, ‘सोपे’, ‘भक्कम’ असे काही लिहिले की ती त्या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढी आणि शेजारी एकच शब्द लिही : किती?

या वेळचे काम एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीच्या बटणाचे होते. बटण गळ्यात घालायचे. पडलो, छातीत कळ आली, की दाबायचे. हाक आधी दिवाणखान्यात ठेवलेल्या एका डबीकडे जाई आणि तिथून मदत केंद्राच्या पडद्यावर व जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर पोहोचे. नमुन्यादाखल काही घरांत ते आधीच दिले होते; त्यात तिच्या मावशीचेही घर होते. सोमवारपासून ते शेकडो घरांत जाणार होते, आणि त्यासाठी आज तिची सही हवी होती.

टेबलावरचा तिचा फोन थरथरला. तिने तो पालथा केला. तो पुन्हा थरथरला. मावशीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचे नाव पाहून तिने तो कानाला लावला.

“अगं, मावशी पडल्यात,” काका धापा टाकत होते. “बाथरूममध्ये. शुद्धीवर आहेत, गाडी बोलावलीय. पण पाय हलत नाहीये त्यांचा.”

“पण बटण?” ती म्हणाली.

“काय?”

“तिने बटण नाही दाबलं?”

“बटणाचं मला काय विचारतेस बाई! मी शिट्टी ऐकून खाली धावत आलो. तू निघतेस ना?”

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आले की मावशी कशी आहे, हे आपण विचारलेच नाही. आईमागे जिने वाढवले तिच्याविषयी आपण पहिला प्रश्न विचारला तो एका यंत्राविषयी.

“जा तू, जा,” प्रकल्पप्रमुख खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले. माणूस मनाने चांगला होता. “इथलं आम्ही बघतो. सगळं हिरवंच तर आहे. सही काय, उद्या कर.”

टॅक्सीत बसल्याबरोबर तिने फोनवर मदत केंद्राचा पडदा उघडला. मावशीच्या घरासमोर आजच्या हाका शून्य होत्या. चुकलेल्या हाकाही शून्य. म्हणजे मावशीने बटण दाबलेच नव्हते. काढून खुंटीला अडकवले असणार. भीतीच्या तळाशी तिला रागाची एक बारीक कड जाणवली, आणि त्या रागाचा थोडा आधारही वाटला. कारण मग चूक मावशीची होती.

मावशी एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानावर ती शिट्टी एकदाच वाजवी. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ आली तर मैदानाला दोन फेऱ्या. मुले पाठीमागे तिला एकशिट्टी बाई म्हणत आणि ते तिला ठाऊक होते. निवृत्त झाल्यावर तिने सत्काराची शाल कुणाला तरी देऊन टाकली, पण शिट्टी गळ्यात ठेवली. “सवय आहे,” एवढेच म्हणे. घरातही तिचा तोच खाक्या. जेवायला एकदा हाक. “परत सांगायला मी काय रेडिओ आहे?”

रुग्णालयाच्या दारापाशी काका हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत उभे होते. पिशवीत मावशीचा चष्मा आणि एकच चप्पल होती. दुसरी घाईत तिथेच राहिली होती.

“खुब्याचं हाड मोडलं असावं म्हणतात,” ते म्हणाले. “आणि बराच वेळ ओल्या फरशीवर होत्या. अंगातली ऊब गेली होती सगळी. मी सकाळपासून वरच होतो गं. पेपर वाचत होतो. माझ्या खुर्चीखालीच त्यांचं बाथरूम. नुसतं हूं केलं असतं तरी मला ऐकू आलं असतं.”

मावशी दोन चादरींखाली पडून होती. चेहऱ्याचा रंग राखेसारखा, ओठ कोरडे. ती इतकी लहान कधी झाली, असा विचित्र प्रश्न मोजपट्टीच्या मनात आला. तिने मावशीचा हात हातात घेतला, आणि जे विचारायचे नाही असे टॅक्सीत ठरवले होते तेच तिच्या तोंडून बाहेर पडले.

“बटण कुठं ठेवलं होतंस?”

मावशीने दुसरा हात चादरीबाहेर काढून गळ्याशी नेला. एकाच दोरीत शिट्टी आणि बटण ओवलेले होते.

“इथंच. आणि दाबलं की. पडल्या पडल्या दाबलं.”

“नाही दाबलंस मावशी. घाबरलीस, म्हणून तसं वाटतंय तुला. माझ्याकडे दिसतं. शून्य आहे.”

“छकुले, माझा पाय मोडलाय. डोकं नाही.”

शेजारच्या खाटेवरची बाई फसकन हसली आणि मग कण्हली. मोजपट्टीला हसू आले नाही.

“अगं दिवा लागला होता,” मावशी म्हणाली. “हिरवा. लगेच लागला. तूच शिकवलं होतंस ना? हिरवा लागला की समज, हाक पोहोचली, मी निघाले. तो लागला, म्हटलं, झालं काम. हात पोटावर ठेवले आणि पडून राहिले.”

“आणि शिट्टी?”

“शिट्टी कशाला? तू येतच होतीस.”

“पण मी आले नाही! किती वेळ झाला तरी आले नाही! परत तरी दाबायचं होतंस!”

“परत कशाला? एकदा सांगितलं होतं.” मावशी थांबली. बोलायला तिला त्रास होत होता, पण जे सांगायचे ते ती ओळीने सांगत होती. “आधी वाटलं, रस्त्यात गर्दी असेल. मग वाटलं, साहेबाने सोडलं नसेल. फरशी गार पडत चालली, दात वाजायला लागले. तेवढ्यात मनात आलं, पोरगी हाक ऐकून धावत सुटली असेल आणि रस्त्यात काही झालं असेल तिला. तेव्हा मात्र राहवेना. म्हटलं, वरच्यांना बोलवावं, तुला फोन करायला सांगावं. म्हणून शिट्टी मारली.”

मावशीने शिट्टी स्वतःसाठी वाजवलीच नव्हती.

“आता ही दोरी काढ गळ्यातली,” मावशी म्हणाली. “क्ष-किरणवाल्यांना अडचण होते. शिट्टी जपून ठेव.”

तिने दोरी हळूच काढून घेतली. फोन डाव्या तळहातावर ठेवला आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबले. हिरवा दिवा लागला. प्रसन्न, स्वच्छ, टवटवीत हिरवा. रंगाची छटासुद्धा तिनेच पसंत केलेली. फोन वाजला नाही. तिने वाट पाहिली. फोन वाजला नाही. मग तिला आठवले. डबी तर मावशीच्या दिवाणखान्यात होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथून हाक जायला वाटच नव्हती. हे बटण इथे कुणाशीच बोलू शकत नव्हते. मग हा दिवा कशाचा?

तिने पुन्हा दाबले. दिवा पुन्हा लागला.

बाहेरच्या व्हरांड्यात येऊन तिने दाढीला फोन लावला. दाढी म्हणजे बटणाचे सॉफ्टवेअर लिहिणारा तिचा सहकारी. कामात पक्का, बोलायला मोकळा, आणि तिच्याशी रोज एक तरी भांडण उकरून काढणारा.

“बोला मोजपट्टीबाई. मावशी कशा आहेत?”

“दाढी, दिवा कधी लागतो?”

“बटण दाबल्यावर.”

“हाक पोहोचल्यावर नाही?”

“आधी तसंच होतं. केंद्राकडून पोहोच आली की दिवा. पण जाऊन येईपर्यंत कधी दोन सेकंद लागायचे, कधी पाच. तूच परत पाठवत होतीस ना प्रत्येक वेळी? अर्धा सेकंद म्हणजे अर्धा सेकंद, म्हणालीस. मग मी दिवा सरळ बटणालाच जोडला. आता बघ, एकदा तरी चुकला का?” त्याच्या आवाजात कारागिराचा निखळ आनंद होता. “टिपणात लिहिलंय की मी. तू वाचून पास केलंस.”

“आणि चुकलेल्या हाका? केंद्रात शून्य दाखवतंय.”

“मग बरोबरच आहे. जी हाक आलीच नाही, ती आली नाही हे केंद्राला कळणार कसं?” वाक्य संपता संपता त्याचा वेग मंदावला. “का गं? काय झालं?”

“मावशीने दाबलं होतं. दिवा लागला. ती माझी वाट बघत पडून राहिली.”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“दाढी?”

“माझ्या आजीच्या गळ्यात आहे ते,” तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. “मी फोन ठेवतो.”

ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. समोरून चाकाची खुर्ची गेली, औषधांची ढकलगाडी गेली, कुणीतरी तिला बाजूला सरकायला सांगितले आणि ती सरकली. तिला पहिली बैठक आठवत होती. बटणाची मागणी घेऊन जी संस्था आली होती तिच्या प्रमुख बाई पूर्वी परिचारिका होत्या. सगळे त्यांना अजूनही सिस्टरच म्हणत. मसुद्यात त्यांनी एक वाक्य घातले होते : बटण दाबल्यावर माणसाला धीर यावा. तिने ‘धीर’भोवती तांबडे वर्तुळ काढून ते पडद्यावर लावले होते.

“सिस्टर, धीर किती? किलोत की लिटरमध्ये?”

खोली हसली होती. सिस्टरही हसल्या होत्या. “अहो, म्हणजे कुणीतरी ऐकलं, असं कळावं त्याला.”

“म्हणजे दिवा?”

“दिवा चालेल.”

“किती वेळात?”

“लगेच.”

“लगेच म्हणजे?”

आणि सिस्टरनी हात टेकले तेव्हा तिनेच आकडा सुचवला होता. अर्धा सेकंद. त्याहून उशीर झाला की माणूस चुळबुळतो, दाबले गेले की नाही अशी शंका त्याला येते. हे तिने वाचलेले होते आणि ते खरेही होते. सिस्टर निघताना म्हणाल्या होत्या, “बरं वाटलं बाई. कुणीतरी नेमकं विचारतं.” ‘कुणीतरी ऐकलं’ हे शब्द मात्र मोजता येण्याजोगे नव्हते. ते मसुद्यातून गळले, अर्धा सेकंद उरला, आणि चाचणीत रोज पास होत राहिला.

ती उठली आणि सिस्टरना फोन केला. काय झाले ते तिने तीन-चार वाक्यांत सांगितले. आवाज कापू नये म्हणून वाक्ये आखूड ठेवली.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणजे आत्ता या क्षणी, ज्या ज्या घरात ते बटण आहे, तिथं दिवा लागला तर त्याचा अर्थ काहीच नाही?”

“काहीच नाही. बटण दाबलं गेलं, एवढाच.”

“देवा.” मग त्यांचा आवाज बदलला, वॉर्डात धावपळ झाली की येतो तसा सपाट झाला. “मी केंद्रातल्या सगळ्या मुलींना फोनवर बसवते. एकेका घरी कळवायला हवं. पण सांगायचं काय त्यांना?”

“दिव्यावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगा. ओरडा म्हणावं.”

संध्याकाळपर्यंत सर्व घरांत निरोप गेला. दाढीच्या आजीने त्याला ठणकावले की तिने बटण पहिल्याच आठवड्यात मांजराच्या पट्ट्याला बांधले आहे, कारण हरवते ते मांजर, ती नव्हे. हे सांगताना दाढी हसत होता आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खोली, तोच पडदा. तक्ता अजून हिरवाच होता; तो बदलण्याचे कारण तक्त्याला ठाऊक नव्हते. सिस्टर एका बाजूला, प्रमुख दुसऱ्या बाजूला. दाढी दाराजवळ उभा होता, बसायला सांगितले तरी बसत नव्हता.

“जे झालं ते फार वाईट झालं,” प्रमुख म्हणाले. “पण एक लक्षात घ्या. मागणीत होतं तेच आपण दिलं. आणि हे एकच घर आहे. भिंती जाड असतील, डबी लांब असेल. सोमवारी बटणं जाऊ देत, सोबत सूचनांचा कागद देऊ. यात सुधारणा पुढच्या खेपेला करू. बटण अजिबात नसण्यापेक्षा असलेलं बरं ना?”

“नाही, सर,” मोजपट्टी म्हणाली.

“नाही कसं?”

“बटण नसतं तर मावशीने पडल्या पडल्या शिट्टी मारली असती. काका डोक्यावरच बसले होते. चहा निवायच्या आत ते खाली आले असते.” तिने शिट्टी टेबलावर ठेवली. तसे करायचे असे काही तिने ठरवले नव्हते. ती हातातच राहिली होती. “दिव्याने तिला गप्प केलं. आपण शेकडो घरांत गप्प करणारा दिवा पाठवतोय.”

प्रमुखांनी शिट्टीकडे पाहिले, मग पडद्याकडे. सिस्टरनी चष्मा काढून हातात धरला होता.

“सोमवारी नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या संस्थेकडून तरी नाही.”

मग दाढीच दाराजवळून म्हणाला, “दिवा परत पोहोचेला जोडतो. मदत केंद्रातल्या माणसाने हाक उचलली, की हिरवा. तोपर्यंत काही नाही.” तो अडखळला. “पण तेवढा वेळ अंधार राहील. म्हातारी माणसं घाबरतील.”

“घाबरू देत. घाबरलेलं माणूस ओरडतं तरी.”

मग ती लिहायला बसली आणि ते काम दुपारपर्यंत चालले. वेळ बोटाच्या पहिल्या दाबापासून मोजायची. हाक केंद्रात आल्यापासून नव्हे. ठरलेल्या वेळात कुणी हाक उचलली नाही, तर तांबडा दिवा आणि मोठा आवाज : हाक गेली नाही. चाचणी कचेरीतल्या टेबलावर घ्यायची नाही. ती न्हाणीघरात, दार लावून, नळ सोडून, फरशीवर आडवे पडून घ्यायची. दाबणारा हात सत्तरीच्या पुढचा हवा. बटण दाबणाऱ्या माणसाने आपले दाब स्वतः मोजायचे आणि ते केंद्रातल्या आकड्याशी ताडून पाहायचे, म्हणजे न आलेल्या हाकेलाही कुठेतरी जागा राहील. प्रत्येक ओळीत आकडा होता. शेवटी सिस्टरचे मूळचे वाक्य उरले. प्रमुखांनी विचारले, “आणि याचं काय करायचं? धीर?”

तिने पेन उचलले, पुन्हा खाली ठेवले. “ते तसंच राहू द्या,” ती म्हणाली. “वर. सगळ्यांच्या वर. खालचं सगळं पास झालं, की ते परत वाचायचं.”

दाढीचे नवे बटण हाती आले तेव्हा मावशीचे हाड बसवून झाले होते आणि ती रुग्णालयात काठीच्या आधाराने दोन पावले टाकण्यावरून परिचारिकांशी वाद घालत होती. मोजपट्टीने ते शिट्टीच्याच दोरीत ओवून गळ्यात घातले आणि ती एकटीच मावशीच्या घरी गेली. सत्तरीचा हात नंतर येणार होता. पण ती जागा तिला आधी स्वतः पाहायची होती. मावशीची राहिलेली चप्पल न्हाणीघराच्या कोपऱ्यात पालथी पडली होती. तिने दार लावले, नळ सोडला आणि फरशीवर आडवी झाली.

गारवा कपड्यांतून आत यायला मुळीच वेळ लागला नाही. इथून दिसत होते ते छत, नळाची खालची बाजू आणि दाराखालची प्रकाशाची फट. तिने घड्याळ लावले आणि बटण दाबले. काही झाले नाही. दिवा लागला नाही. अंगठा पुन्हा दाबायला शिवशिवत होता; तिने तो मुठीत धरला. एरवी असला वेळ तिने तक्त्यावर एका आकड्यात लिहून टाकला असता. इथे तो सरतच नव्हता.

फोन वाजला. केंद्र असेल म्हणून तिने झटकन उचलला. मावशी होती.

“काय गं, कुठायस? भेटायची वेळ टळून चालली.”

“तुझ्या बाथरूममध्ये पडलेय.”

“अगं बाई! घसरलीस?”

“नाही गं. चाचणी. नवं बटण दाबलंय.”

“मग? लागला का दिवा?”

त्याच क्षणी बटण तांबडे झाले आणि त्या इवल्याशा वस्तूतून एवढा मोठा आवाज निघाला की ती दचकून अर्धी उठली : हाक गेली नाही. हाक गेली नाही.

“नापास,” ती म्हणाली. “अजून पोहोचत नाही इथून. भिंतीतून जातच नाहीये.”

“ते मी ऐकलं,” मावशी म्हणाली. “मग पडून काय राहिलीस? शिट्टी आहे ना गळ्यात?”

होती. तिने फोन छातीवर ठेवला आणि शिट्टी ओठांत धरली. एकदाच वाजवली. फरशांनी तो आवाज झेलून वर फेकला. डोक्यावर खुर्ची करकरली, काहीतरी पडले, आणि पावले जिन्याच्या दिशेने धावत सुटली.